फळीवरचं गिऱ्हाईक

खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकली, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि सलूनवालीच्या नवऱ्यानं काखेत हात घालून बातम्याआजोबांना वर बसवलं. आजोबांचे पाय लोंबकळायला लागले. एक चप्पल पडलीच.

ही फळी खरं तर लहान मुलांसाठी. पण लहान मुलं आता येतात कुठे? एखादं आलंच तर ते पाहुणं. फळी कितीतरी दिवस कोपऱ्यात धूळ खात उभी होती. मग आजोबांच्या पाठीला बाक आला, उंची घटली, मान खुर्चीच्या पाठीआड जायला लागली आणि फळी परत कामाला लागली. पहिल्या वेळी आजोबा चक्क रुसले होते. आता म्हणतात, इथून सगळं दिसतं.

सलून नवरा-बायको दोघांचं. केस दोघंही कापतात, पण आजोबांना बायकोच लागते. नवऱ्याचा हात जड आहे म्हणे. आज तिचा मोबाइल कात्र्यांच्या ट्रेमध्ये पालथा पडला होता. सकाळी दवाखान्यात रक्त देऊनच ती दुकानात आली होती. गर्भ राहिला की नाही, ते फोनवर कळणार होतं. हा तिसरा प्रयत्न, आणि डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं की शेवटचा. त्रेचाळिसाव्या वर्षी आणखी ताणण्यात अर्थ नाही.

आजोबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना जगातलं सगळं ठाऊक असतं, समोरच्या माणसाचं सोडून. आजची बातमी कोपऱ्यावरच्या शाळेची होती. तिथे यंदा पहिलीचा वर्ग भरलाच नाही, मुलंच नाहीत. त्या खोलीत आता म्हाताऱ्यांसाठी व्यायामाची सोय होणार. म्हणजे ज्या वर्गात अंगठे धरून उभे राहिलो, तिथंच आता गुडघे वाकवायला जायचं, असं म्हणून आजोबा स्वतःच खो खो हसले.

बोलताना त्यांची मान भोवऱ्यासारखी फिरते. बायको मान सरळ करायची, मान परत वळायची.

"तुमच्या पिढीला कशाची घाईच नाही," ते आरशातल्या तिला म्हणाले. "आधी हे होऊ दे, आधी ते होऊ दे. अगं, मुलं काय दुकान बंद केल्यावर करायची?"

"मान खाली घ्या आजोबा, कान जाईल. मग आमच्या पिढीला शिव्या घातलेल्या तुमच्या तुम्हालाच ऐकू यायच्या नाहीत."

शेजारच्या खुर्चीवर नवरा एकाची दाढी करत होता. त्याचा वस्तरा गालावर थबकला. आधी दुसरी खुर्ची घेऊ, असं तोच म्हणाला होता. मग एसी. मग समोर आणि मागे हे भिंतभर आरसे. त्यांच्यासाठी जुना आरसा काढला. त्याच्या कोपऱ्यात तिनं कागदाची चिमणी चिकटवलेली होती. फळीवरचं पोर चुळबुळ करायला लागलं की ती म्हणायची, हलायचं नाही हं, तिकडे चिमणी बघ. आरशाबरोबर चिमणी भंगारात गेली. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मशीनच्या तोंडाचा प्लास्टिकचा कंगवा बदलायला म्हणून तिनं नुकताच काढला होता, तेवढ्यात फोन थरथरला.

"हो, मीच बोलतेय," ती म्हणाली. मग नुसतं हं. मग बरं. मग, नाही, विचारायचं काही नाही. तिनं फोन ट्रेमध्ये ठेवला, परत पालथाच.

नवरा वस्तरा धरून बघत होता. तिनं त्याच्याकडे पाहून मान नकारार्थी हलवली, एकदाच. मग मशीन सुरू केलं आणि आजोबांच्या मानेपासून टाळूपर्यंत सरळ नेलं.

कंगवा ट्रेमध्येच राहिला होता. पांढऱ्या केसांतून एक गुलाबी पट्टा उघडा पडला, पाइपलाइनसाठी रस्ता खणावा तसा.

अर्धी दाढी झालेला माणूस अरेरे म्हणाला. इतक्या वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. नवऱ्यानं पुढे होऊन मशीन मागितलं. तिनं दिलं नाही.

"चूक झाली आजोबा. आता सगळेच काढावे लागतील."

आजोबांनी मागच्या आरशातला पट्टा पुढच्या आरशात पाहिला. मग तिचा चेहरा पाहिला. तोंड उघडलं, पण आत बातमी नव्हती.

"काढ पोरी," ते शेवटी म्हणाले. "केसांचं काय, येतील परत."

नवऱ्यानं पाठ फिरवली आणि दाढीच्या फेसात ब्रश उगाचच घोळवत राहिला.

केस भराभर पडायला लागले. कापडावर, फळीवर, खाली पडलेल्या चपलेवर. खालून डोकं निघालं ते केवढंसं, मऊ, शिरा दिसणारं. तिनं डाव्या हाताचा पंजा त्याखाली आधाराला धरला. आजोबांना राहवलं नाही. ते सवयीनं मान वळवायला लागले.

"हलायचं नाही हं," ती म्हणाली. "तिकडे चिमणी बघ."

मशीन चालूच होतं. आजोबा हलले नाहीत. लोंबकळते पाय जुळवून ते आरशाच्या कोपऱ्यात बघत राहिले, शोधत.