चतुर्दशीची कात्री

चंदनाने निळी कुंडी आडवी केली आणि बुडावर थाप मारली. रोप हललं नाही. तिने पुन्हा मारली. बैठकीत भूपालअण्णा चहा पीत होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात मारली.

भूपालअण्णा म्हणजे तिचे चुलत सासरे. फलटणहून सांगलीला ते समजूत घालायला आले होते, असं त्यांचं म्हणणं. गाडी मात्र दारात तोंड वळवून उभी केली होती. चंदनाचे वडील जिनदत्त समोर मान घालून बसले होते.

"पावणं, वाद नगं," अण्णा त्यांना म्हणत होते. "आमचं आमाला द्या, आमी निघतो."

परसात चंदनाला ते ऐकू आलं आणि तिचं डोकं सणकलं. आमचं म्हणे. नवरा पारस पुण्यात दुसऱ्या बाईबरोबर उघड संसार मांडून बसलेला. फलटणला यायचा तो दिवाळीला, तोही पाहुण्यासारखा. पण सासऱ्यांचं पथ्यपाणी बघायला आणि भाकऱ्या थापायला सून हवीच होती. ती याआधीही निघून आली होती. दरवेळी तिची आई गुणमाला हिनेच तिला परत धाडलं. "पदरी पडलं पवित्र झालं," म्हणायची. आणि वर, "मुळाला हात लावू नये, बाई."

मुळाला हात लावणं गुणमालाबाईंना खरंच चालत नसे. पक्क्या जैन. कांदा, बटाटा, गाजर त्यांच्या चुलीवर कधी चढलं नाही. मूळ उपटलं की सगळं रोप जातं, ते पाप. चतुर्दशीला तर त्या कढीपत्त्याचं पानही तोडत नसत. आणि आज चतुर्दशी होती. भूपालअण्णांनी दिवस बघूनच निवडला असावा. असल्या दिवशी ही बाई लेकीचा संसार कसला मोडू देते?

शेवटी रोप मातीच्या ढेकळासकट सुटलं.

ते ऑर्किड चंदनाने लग्नानंतर माहेरून नेलं होतं. इथे ते कोळशाच्या आणि फुटक्या कौलांच्या तुकड्यांत मजेत होतं. सासूबाईंना ते भिकार दिसलं. त्यांनी दिवाणखान्यातली ही निळी, चिनी मातीची कुंडी काढली, बुडाला भोक नसलेली, आणि उसाच्या रानातली काळीभोर माती तिच्यात दाबून भरली. वर रोज तांब्याभर पाणी. ऊस पिकवणाऱ्या माणसांना वाटतं, माती आणि पाणी मिळालं की कुणीही सुखात जगतं. ह्याच्या मुळांना वारा लागतो, हे सांगून सांगून चंदना थकली होती. घर सोडताना तिने कुंडीसकट एवढंच उचलून आणलं.

तिने माती झटकली आणि कात्री घेतली. तेवढ्यात गुणमालाबाई दारात आल्या.

"ठेव ती कात्री. आज दिवस काय हाय? आणि मुळं कापाय बसलीस व्हय? ऊठ, पावणं खोळंबल्यात."

"मी जाणार न्हाई."

"चंदना."

"न्हाई म्हंजे न्हाई. आदी हे दाबून बघ, आई. ह्यात जीव हाय का सांग. असला तर कात्री ठेवती, आणि तू म्हणशील तिथं जाती."

आयुष्यभर पाणी गाळताना आणि धान्य निवडताना जिने जीवच शोधला, तिला हे टाळता येईना. गुणमालाबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी एक मूळ चिमटीत धरलं. वरचं तपकिरी साल ओल्या कागदासारखं निघून आलं आणि हातात नुसता दोरा राहिला. कुजका वास आला. त्यांनी दुसरं दाबलं, मग त्याच्या शेजारचं. सगळ्यांची तीच गत. खोडाजवळच्या एका मुळाशी मात्र त्यांची बोटं थांबली. ते टणक होतं, पांढरं, टोकाला हिरवा ठिपका.

"हे जितं हाय."

"तेवढंच. मेलेली ठेवली तर त्येबी कुजतंय. कापली की नवी फुटत्यात."

गुणमालाबाईंनी बोटं पदराला पुसली. वास जाईना. त्यांनी लेकीच्या हातांकडे बघितलं. लग्नातल्या पाटल्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या. ह्या हातांना आपणच परत धाडत आलो, हे त्यांच्या काळजाला लागलं. त्यांनी लेकीच्या हातातली कात्री घेतली आणि कापायला सुरुवात केली.

जिनदत्त बोलवायला आले ते दारातच थबकले. "गुणमाला, आज चतुर्दशी. तू कापतीस?"

"ज्यात जीव ऱ्हायला न्हाई, ते कापाय कसलं पाप?" त्यांनी मान वर केली नाही.

जिनदत्त आल्या पावली वळले. मग बंबापाशी गेले आणि ओंजळभर कोळसे आणून लेकीपुढे ठेवले.

चंदनाने कापलेल्या जागी हळद लावली. जुन्या मातीच्या कुंडीत कोळसे आणि कौलांचे तुकडे घालून रोप बसवलं, डुगडुगू नये म्हणून काडीला बांधलं. गुणमालाबाईंनी सवयीने तांब्या भरून आणला.

"पाणी नगं, आई. चार दिस तहानू दे. तहान लागली की मूळ आपल्या पायानं हुडकत निघतंय."

गुणमालाबाईंनी तांब्याकडे बघितलं. मग त्याच पाण्याने त्यांनी निळी कुंडी धुतली. आत माती शिल्लक ठेवली नाही. पदराने कोरडी पुसली आणि दोन्ही हातांत धरून बैठकीत गेल्या.

पावलं ऐकून भूपालअण्णा उठले आणि टोपी सारखी केली. "झाली का तयारी?"

गुणमालाबाईंनी रिकामी कुंडी त्यांच्या हातात दिली.

"आमचं आमाला द्या म्हणाला हुता न्हवं? हे घ्या तुमचं. धुऊन दिलंय."