विनोदी सिनेमा

होबार्टच्या इस्पितळातून घरी सोडलेल्या लेकीला घेऊन गॅरेथ वाटेतल्या गावच्या थिएटरात शिरला. पोस्टरवर बदकाचा पोशाख घातलेला माणूस होता, म्हणजे सिनेमा विनोदीच असणार. प्रेक्षक दोघंच. पण पडद्यावरची मुलगीही उदासीच्या आजारानं महिनोन्महिने अंथरूण सोडत नव्हती, अगदी त्याच्या ब्रायनीसारखी. गॅरेथला घाम फुटला. "चल पोरी, निघू या. माझंच चुकलं." "गप बस ना डॅड!" तिकडे पडद्यावर लेकीला हसवायला बदक झालेला बाप छपरावर नाचता नाचता धपकन कोंबड्यांच्या खुराड्यात पडला. ब्रायनी खदखदून हसली. गॅरेथही हसत वळला, तर तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. आता तिच्यासोबत हसावं, की डॉक्टरांना फोन लावावा, त्याला कळेना. "रडतेस का गं?" "मलाच कळत नाहीये," ती नाक ओढत म्हणाली. "पण थांब ना, त्या बापाचं पुढे काय होतं ते बघायचंय."