हौसाचा राब

शेताच्या मधोमध उभं राहून हौसाने मुठीतली राख खांद्याच्या उंचीवरून सोडली. राख तिरकी उडाली आणि शेतालगतच्या गोडाउनच्या दिशेने विरून गेली.

"खाडीचा वारा हाय," ती म्हणाली. "दरसालचाच."

सुनेने, पूर्वीने, मोबाइल पाहिला. "आई, दुपारनंतर वारा वाढणार दाखवतंय. उष्णतेचा इशारा पण आहे."

"मंग आताच उरकू. दुपारच्याला मी तरी कवा पेटवते?"

अंजूर गावात राब भाजणारी आता हौसाच उरली होती. भाताची रोपं ज्या तुकड्यात उगवायची, तिथे तिने शेणी, पाला, वाळलं गवत पसरून वर माती भुरभुरवली होती. वारा खाडीकडून येतो, म्हणून काडी गोडाउनकडच्या टोकाला लावायची. म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, सावकाश सरपटते आणि भुई नीट भाजते. त्या टोकाची रुंद पट्टी तिने खरवडून, पाणी मारून ठेवली होती. खाडीकडची पट्टी साफ करायची गरज तिला आजवर कधी पडलीच नव्हती. तिथलं गवत तसंच उभं होतं, वाळून पिवळं.

पूर्वीला सातवा महिना लागला होता. येऊ नको म्हटलं तरी ती आली होती. नवरा देवेश ड्युटीवर, पाण्याला कोणीतरी हवंच ना, म्हणाली. हौसाने तिला बादली देऊन खाडीकडच्या बांधावर नेलं.

"हितून हालायचं न्हाय, बाय. आग तुज्यापाशी येईस्तोवर म्हातारी होते. माज्यासारखी."

"तुम्ही कुठे म्हाताऱ्या झालात?"

"ते गुडघ्यांना इचार."

चपला बांधावर काढून हौसा अनवाणी त्या टोकाला गेली. गेल्या दिवाळीनंतर उभं राहिलेलं गोडाउन तिथे होतं, माडाएवढ्या उंच पत्र्याच्या भिंतीचं. भिंतीच्या सावलीत ती वाकली. काडी ओढण्याआधी दरवर्षी म्हणायची तेच पुटपुटली, "भाज गो माय, जालू नको."

पाला धुमसला. पूर्वी लांबून बघत होती. धूर भिंतीकडे जाईल म्हणून ती वाट पाहत होती. धूर भिंतीकडे गेला नाही. तो जमिनीलगत पसरला, आणि तिच्याकडे निघाला.

मग ज्वाळा वाकल्या. त्याही तिच्याकडेच.

हौसा ताठ झाली. खाडीचा वारा भिंतीवर आपटत होता, खाली उतरत होता आणि मागे फिरत होता. आग सरपटत नव्हती, धावत होती. अर्धा राब आगीने एका दमात ओलांडला. पुढे तो पिवळा पट्टा होता, आणि पट्ट्याच्या पलीकडे पूर्वी.

"पूर्वे, माघारी हो!"

पूर्वीला ऐकू गेलं. तिने पाय उचलला, आणि तो तसाच राहिला.

कारण शेताच्या मध्यावर आग थांबली होती. समोरून खाडीचा खरा वारा येत होता, मागून भिंतीचा. दोन्ही वारे एकमेकांना भिडले, आणि आग उभी राहिली. आधी बाईएवढी, मग भिंतीएवढी. ती स्वतःभोवती फिरू लागली. पाला, काटक्या, पेटलेल्या शेणीचे तुकडे वर चढू लागले, जात्यात ओढल्यासारखे. आवाज येत होता, खोल, दळणाचा. उन्हातसुद्धा तिचा उजेड पूर्वीच्या चेहऱ्यावर पडला. तिने एक हात पोटावर ठेवला. तिला पळावंसं वाटत नव्हतं. तिला हात जोडावेसे वाटत होते.

आग दोन पावलं तिच्याकडे आली. गवताकडे झुकून डोलली.

आणि खाली बसली. वर गेलेलं सगळं काळं होऊन हळूहळू उतरलं, दोघींच्या केसांवर, बादलीतल्या पाण्यावर.

हौसा तोवर निम्म्या वाटेत पोचली होती. तिने बांधाचा फेरा घेतला नव्हता. धगधगत्या राबातूनच सरळ धावत आली होती. पूर्वीजवळ येऊन तिने तिचे खांदे चाचपले, तोंड चाचपलं, पोटावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"हाललं," थोड्या वेळाने ती म्हणाली, आणि मटकन बांधावर बसली.

पूर्वीने तिचे तळपाय बघितले. ती सावकाश खाली टेकली, आणि आगीसाठी आणलेलं पाणी ओंजळी-ओंजळीने त्या पायांवर सोडू लागली.

राबाच्या मधोमध, आग उभी होती तिथे, एक वाटोळी जागा स्वच्छ निघाली होती. राखेचा कण नाही. झाडून ठेवलेल्या अंगणासारखी.

हौसा तिकडे बघत राहिली.

"म्हातारी होऊन येल म्हटलं मी तुला," ती म्हणाली. "ती तरनी होऊन आली."

पूर्वी पाणी सोडत राहिली.

"पुढल्या साली वारा तू बघायचा, बाय. थेट भिंतीपाशी जाऊन. काडी बी तूच लावायची." हौसाने बांधावरच्या आपल्या चपला उचलल्या आणि पूर्वी उभी होती त्या जागेवर ठेवल्या. "हितं मी उभी ऱ्हानार."