काचेवरचा मोर

नळदुर्गच्या हायवेवर ट्रक रंगवण्यात लालमहंमदांची हयात गेली. मग रंगाच्या वासानं धाप लागू लागली आणि डॉक्टरांनी ब्रश सोडायला लावला. लेक यास्मिन ट्रकसाठी रेडियमचे स्टिकर कापायची, पण चित्रं नेटवरून उसनी घेतलेली. कामासाठी साधा लॅपटॉप घ्यायला दोघं उमरग्याला आली. दुकानदारानं एक भारीतला लॅपटॉप उलटा दुमडून पाटीसारखा केला आणि काचेवर चित्र काढायचा पेन पुढं धरला. "एवढा महाग कशाला?" यास्मिन पुटपुटली. अब्बांनी मात्र पेन घेतलाच. काचेवर झरझर मोराची मान उतरली. दाबलं की रेघ जाड, सैल सोडलं की केसाएवढी. गिऱ्हाईकं भोवती जमली. "चाचा, हात हाय का जादू?" दुकानदार थक्क झाला. अब्बांना धापसुद्धा लागली नव्हती. "हाच द्या," यास्मिन म्हणाली. "थांब की, बेटा," अब्बा नजर न उचलता म्हणाले, "पिसारा राहिलाय अजून."