खुर्ची

हुर्रियतच्या लेकीच्या लग्नाच्या रजया शिवायला मोहल्ल्यातल्या बायका जमल्या होत्या. तुर्सुनॉय आपा दारात आली तशी सगळ्यांनी एकच गलका केला. पायाचं ऑपरेशन झाल्यापासून ती आज पहिल्यांदा घराबाहेर पडली होती.

"आपा, तुमच्यासाठी शाळेतल्या मास्तरांकडून खुर्ची आणवलीय!" हुर्रियत म्हणाली.

खुर्ची खिडकीशी मांडली होती. वर मऊ उशी. खाली पसरलेल्या रजईभोवती बायका मांडी घालून बसल्या होत्या.

"खाली बसते गं. बसता यावं म्हणून तर हाड कापून घेतलं," आपा म्हणाली. जन्मभर मांडी घालून शिवता शिवता पायाच्या करंगळीच्या सांध्याला केवढं टेंगूळ आलं होतं.

"आणि डॉक्टर काय म्हणाले?" शेजारच्या मवजुदानं डोळे वटारले. "मी होते तिथं. मांडी घातलीत तर हाड पुन्हा वर येईल, म्हणाले. आता कायमचं वरच बसायचं. खानाची बेगम झालात, हुकूम सोडा!"

सगळ्या हसल्या. आपाही हसली, आणि खुर्चीवर बसली.

पहिला टाका नेहमी तिचाच. सुई टोचू नये म्हणून बोटात पितळेचं अंगुस्तान घालून ती वाकली. हात पोचेना. हुर्रियतनं पटकन रजईचा कोपरा उचलून तिच्या मांडीवर धरला. आपानं बिस्मिल्ला म्हणून टाका घातला. नवरीला दुवा दिली. कोपरा पुन्हा खाली गेला.

भिंतीकडची तिची जागा रिकामी होती. मवजुदानं कापसाची टोपली तिथं सरकवली.

चहा आला. तिचा पेला वर दिला गेला. ठेवायला जागा नव्हती, तो तिनं हातातच धरला. तिथून तिला फक्त डोक्यांवरचे रुमाल दिसत होते. त्यांच्याखाली कुणीतरी हळूच काहीतरी बोललं. सगळ्या खो खो हसत सुटल्या.

"काय गं, काय झालं?" आपानं विचारलं.

"काही नाही आपा, तुम्ही आराम करा."

थोड्या वेळानं मवजुदाची मान वर झाली. "आपा, डोळ्यांत पाणी का? दुखतोय का पाय?"

"नाही गं. पाय तर आता मुळीच दुखत नाही."

चहा केव्हाच गार झाला होता. अंगुस्तान अजून बोटातच होतं. पेल्याच्या काठावर त्याची बारीक टिकटिक चालली होती.