बाराचं विमान

अंगणात सिंधूताईला शेवटची आंघोळ घालून झाली होती. शंकरराव फोन कानाला लावून पडवीच्या खांबाला टेकले होते. पलीकडे दिल्लीच्या विमानतळावर त्यांचा मुलगा संघर्ष होता.

"काउंटर बंद झालं, बाबा. आत सोडून नाही राह्यले."

"इमान गेलं का?"

"नाही. उभंच हाये अजून."

"मंग काऊन घेत नाहीत तुले?"

विमान सुटायच्या तासभर आधीच काउंटर बंद करतात, असं संघर्षनं सांगितलं. हातापाया पडून झालं होतं. पुढचं विमान उद्या होतं.

रात्रभर सिंधूताईला बर्फावर ठेवलं होतं. मे महिना. उद्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. लेकाला आईचं तोंड दिसणार नव्हतं.

"आपली मोताळ्याची यष्टी तर हात दाखवला तरी थांबते," शंकररावांचा चुलतभाऊ निवृत्ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "याले यायचंच नसन."

कुणीतरी त्याला गप्प केलं, पण शब्द अंगणभर झाला होता. शहरात गेलेली पोरं अशीच, असं बायाही म्हणू लागल्या.

शंकरराव ऐकत राहिले. सकाळी त्यांनीच संघर्षला सांगितलं होतं, तुझ्या कमाईची पांढरी साडी आईला नेसवू, एवढी तिची हौस राहिली. दुकान उघडेपर्यंत थांब. बाराचं विमान, बाराच्या आत पोचलास म्हणजे झालं. उशीर होईल, असं संघर्ष एकदा म्हणाला होता. बापानं पुन्हा सांगितलं तेव्हा थांबला.

ते घरात गेले. पेटीतलं आपलं कोरं पांढरं धोतर काढून आणलं आणि निवृत्तीच्या हातात दिलं.

"हे पांघरा तिले. साडीसाठी मीच थांबवलं होतं त्याले."

 निवृत्ती खाली बघत घडी उलगडत राहिला.

त्रिशरण-पंचशील झालं. चौघांनी खांदा दिला. तेवढ्यात शंकररावांच्या खिशातला फोन वाजला.

"बाबा, विमान आता निघालं. बोर्डावर आलं."

शंकररावांनी पाहिलं. तिरडी फाटकाबाहेर पडली होती.

"हाव," ते म्हणाले. "आमीबी निघालो."