सारखेच दरवाजे

सकाळपासून मुलाने आईला जुना किल्ला, नदीचा घाट आणि ओळीने चार देवळं दाखवली होती. शेवटच्या मोठ्या देवळाच्या दाराशी तो म्हणाला, "आई, तू दमलीस. बस इथे पायरीवर, मी चपला घेऊन येतो."

पायरीवरचं ऊन उतरून गेलं तरी तो आला नाही. पिशवी त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, आणि लॉजचं नावही तिला धड आठवेना. अशा तीर्थाच्या गावांत म्हाताऱ्या माणसांना सोडून जातात, हे तिने ऐकलं होतं. निघायच्या आदल्या दिवशीच सुनेशी वाजलं होतं. माझा मुलगा तसा नाही, असं ती मनाला बजावत राहिली, पण पुन्हा पुन्हा उठून गर्दीतला एकेक चेहरा न्याहाळत होती.

शेजारी बसलेल्या एका म्हातारीने तिचा हात हातात घेतला. "घाबरू नका हो. गर्दीत वाट चुकते एखाद्याची. येतात मुलं."

तेवढ्यात मुलगा धापा टाकत आला, दोन्ही हातांत चपला, चेहरा रडवेला. "सगळे दरवाजे सारखेच गं इथले. केव्हापासून मागच्या दाराशी शोधतोय तुला."

आईला रडू आवरेना. डोळे पुसत तिने त्या म्हातारीला विचारलं, "तुम्ही कोणासाठी थांबलात?"



"मुलासाठीच. पाणी आणतो म्हणून गेलाय, मागच्या वर्षी."